कमी धावलेली घेऊ की जपलेली?

पत्र:

ताई, माझ्या आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावं लागतं. दवाखाना घरापासून २४ किलोमीटरवर आहे. आतापर्यंत कधी शेजाऱ्यांची, कधी भाड्याची गाडी असं चाललं. आता स्वतःची जुनी गाडी घ्यायचं ठरवलंय. शोधता शोधता दोनच उरल्यात. दोन्ही पेट्रोलवरच्या, दोन्हींना क्लच-गिअर आहे. पहिली ९ वर्षांची, १,५८,००० किलोमीटर धावलेली. मालक एकच, ते रोज हायवेने कामावर जायचे. बिलांची जाडजूड फाइल आहे, पण दारावर ओरखडा आहे आणि सीटचं कापड विटलंय. दुसरी १३ वर्षांची, पण धावलीय फक्त ५२,०००. दिसायला अगदी नवी. विकणारे तिसरे मालक आहेत. सर्व्हिसचे कागद मागितले तर म्हणाले, गाडी वापरलीच नाही, मग सर्व्हिस कसली? पहिलीची किंमत १०० धरली तर दुसरीची १४० होते. माझ्याकडे सगळं मिळून १५० आहेत. भाऊ म्हणतो, रनिंग कमी असलेलीच घे, दीड लाखाच्या वर गेलेल्या गाडीचं इंजिन कधी बसेल सांगता येत नाही. मला गाड्यांतलं काही कळत नाही आणि चूक परवडणार नाही. काय करू?

उत्तर:

तुम्ही आईबद्दल आधी लिहिलंत ते बरं झालं, कारण उत्तर तिथूनच सुरू होतं. डायलिसिसची वेळ पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे कुठली गाडी जास्त छान दिसते, किंवा पुढे विकताना कुठलीला जास्त पैसे येतील, हे प्रश्न तुम्ही बाजूला ठेवू शकता. दोनच गोष्टी बघायच्या. येत्या दोन-तीन वर्षांत कुठली गाडी तुम्हाला वाटेत उभी करणार नाही? आणि एखादा भाग गेलाच, तर त्याच आठवड्यात तो बदलायला तुमच्या हातात पैसे असतील का?

माझा कल पहिल्या गाडीकडे आहे. पण काही अटींवर, आणि त्या अटी तपासल्याशिवाय एक पैसाही टोकन म्हणून देऊ नका.

आधी तुमच्या भावाच्या भीतीबद्दल. ती उगाच आलेली नाही. पूर्वी कित्येक गाड्यांच्या मीटरवर पाचच आकडे असायचे, ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर यायचा. एक लाख म्हणजे गाडीचं आयुष्य संपलं, ही समजूत त्या काळात घट्ट झाली, आणि तेव्हाच्या इंजिनांसाठी ती फारशी चुकीचीही नव्हती. कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडायचा, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढायचं आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजायच्या. त्याच्या जागी मोजून पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन आलं, ऑइलं सुधारली, सुटे भाग जास्त अचूक बनू लागले. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं आजचं साधं पेट्रोल इंजिन अडीच लाख किलोमीटर जातं, यात आता नवल राहिलेलं नाही. टोकाचं उदाहरण द्यायचं तर अमेरिकेतले शाळाशिक्षक इर्व्ह गॉर्डन यांचं देता येईल. त्यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी १८०० गाडी २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर पोचली, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर. मधे इंजिन उघडून नव्याने बांधावं लागलं होतं, पण देखभालीचं वेळापत्रक ते काटेकोर पाळत. तुमची गाडी तिथे जाणार नाही आणि जायची गरजही नाही. पण दीड लाख या आकड्याला घाबरायचं कारण नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

आता दुसऱ्या गाडीचा आकडा बघू. १३ वर्षांत ५२,००० म्हणजे वर्षाला ४,०००, म्हणजे दिवसाला सरासरी ११ किलोमीटर. समजा जाऊन-येऊन ११, तर एका वेळी साडेपाच. एवढ्या अंतरात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधलं पाणी) जेमतेम गरम होतं, ऑइल तर नीट गरम होतच नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरेसं तापलं तर ती बाहेर पडते, नाही तर तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं. न जळलेलं थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये मुरतं. ऑइल पातळ होतं, आतून चिखलासारखा थर धरतो, सायलेन्सर आतून गंजतो. प्रत्येक वेळी स्टार्टर जेवढी बॅटरी खातो तेवढी कधी कधी वाटेत भरूनही निघत नाही. त्यात "सर्व्हिस कसली" म्हणत ऑइल बदललंच नसेल, तर तेच ऑइल वर्षानुवर्षं आत आहे.

इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत. ते किती तास फिरलं आणि किती वेळा थंड असताना चालू झालं, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. पहिल्या गाडीचा हायवेवरचा सरासरी वेग ताशी ५५ धरला तर १,५८,००० किलोमीटरला सुमारे २,८७० तास होतात. दुसरीचा गर्दीतला वेग १८ धरला तर ५२,००० ला सुमारे २,८९० तास. म्हणजे तिप्पट फरक दिसतोय तो मीटरवर, इंजिनाचं काम दोघींचं जवळपास सारखंच झालंय. एका वेळचं अंतर पहिलीसाठी ३५ आणि दुसरीसाठी साडेपाच किलोमीटर धरलं, तर पहिली सुमारे ४,५०० वेळा चालू झाली आणि दुसरी साडेनऊ हजार वेळा. क्लच, गिअर, ब्रेक यांचंही तसंच. हायवेवर एकदा टॉप गिअर पडला की क्लच तासभर निवांत असतो, गर्दीत तो दर मिनिटाला दाबला जातो. हे वेग मी अंदाजाने धरलेत. तुम्ही दोन्ही मालकांना गाडी रोज कुठून कुठे जायची ते विचारा आणि हाच हिशेब त्यांच्या उत्तरांवर मांडा. कदाचित दुसरी गाडी दररोज न निघता महिन्यातून एखाद्या लांबच्या फेरीलाच निघत असेल. मग इंजिनाची बाजू थोडी बरी ठरते, पण बॅटरी, टायर आणि ब्रेक उभ्या-उभ्या खराब होतात.

त्यापुढे वयाचा मुद्दा. रबर झिजतं त्यापेक्षा वाळतं जास्त. रेडिएटरच्या नळ्या, टायमिंग बेल्ट, सस्पेन्शनचे बुश, इंजिनाची ऑइल सील, एसीच्या रिंगा, ब्रेकच्या नळ्या या सगळ्यांना गाडी चालली काय आणि शेडमध्ये उभी राहिली काय, वर्षं मोजावीच लागतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, किलोमीटर कितीही झालेले असोत. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने, दमटपणाने आणि वयाने बिघडत गेलं, एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू लागले आणि जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथे कमी रनिंगचा कुणालाच उपयोग झाला नाही. (दोन्ही गाड्यांचे चासी नंबर त्या-त्या कंपनीकडे देऊन अशी एखादी परत-बोलावणी बाकी आहे का ते विचारा. असेल तर ते काम सहसा फुकट होतं.)

हे मी अनुभवाने सांगते आहे. काही वर्षांपूर्वी मी ११ वर्षांची, ३८,००० किलोमीटर धावलेली गाडी घेतली. आत नव्या गाडीसारखा वास होता. आकडा बघून मी पुढचं काही विचारलंच नाही. दुसऱ्या महिन्यात हायवेवर रेडिएटरची नळी फुटली. मूळचीच नळी होती, बोटाने दाबली तर तडकत होती. तापमानाचा काटा वर गेलेला माझ्या लक्षात येईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सील) गेलं होतं. नळी म्हणजे अगदी स्वस्त भाग, पण तिच्यामागून आलेला खर्च गाडीच्या किमतीच्या पाव भाग होता, आणि तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये होती. तुमच्या बाबतीत त्या तीन आठवड्यांत डायलिसिसच्या नऊ फेऱ्या येतात.

म्हणून दुसऱ्या गाडीचे ५२,००० खरे आहेत की नाहीत, हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा आहे. खरे असले तरी त्यासाठी ४० जास्त द्यावेत असं मला वाटत नाही. पण तपासायचंच असेल तर मीटर बघू नका, डिजिटल मीटर मागे घेणं सोपं असतं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघा, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का बघा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबून फाटत आलीय का बघा. ५२,००० मध्ये हे सगळं जवळजवळ नवं असायला हवं. पेडलचं रबर कोरं आणि बाकी सगळं झिजलेलं असेल तर रबर नुकतंच बदललंय. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आता विचार करा: वर्षाला ४,००० धावणाऱ्या गाडीचे टायर तीन वर्षांपूर्वीचे असतील आणि तेही झिजत आलेले असतील, तर तीन वर्षांत १२,००० किलोमीटरमध्ये टायर संपले असं मानावं लागेल, आणि ते मानण्यासारखं नाही. उलट टायर मूळचेच, १३ वर्षांचे असतील तर किलोमीटर खरे असतील, पण ते टायर वापरण्याजोगे नाहीत, नक्षी कितीही खोल दिसो. बहुतेक टायर कंपन्या दहा वर्षांनंतर टायर काढूनच टाकायला सांगतात. मेकॅनिककडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) असेल तर इंजिन, ब्रेकचं एबीएस वगैरे वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमध्ये किलोमीटरची नोंद सापडते का तेही बघायला सांगा. काही गाड्यांत ती असते आणि मीटर मागे घेणारे तिथपर्यंत पोचलेले नसतात.

पहिल्या गाडीची फाइल मात्र घरी आणून शांतपणे वाचा. मूळ देत नसतील तर फोनवर फोटो काढा. बिलांवरच्या तारखा आणि किलोमीटर एका कागदावर उतरवून काढा, आकडा सतत चढता राहायला हवा. ऑइल किती किलोमीटरला बदललं, मधे वर्ष-दीड वर्षाची रिकामी जागा आहे का, ते बघा. अशा फायलीत सुरुवातीची पाच वर्षं झकास आणि शेवटची दोन वर्षं कोरी असं बऱ्याचदा दिसतं. गाडी विकायचं मनात आलं की माणूस खर्च थांबवतो, आणि तो थांबलेला खर्च घेणाऱ्यावर येतो.

फायलीत एक गोष्ट नेमकी शोधायची: टायमिंग बेल्ट. इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय सांभाळणारा हा पट्टा तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन तिथेच संपतं, आधी काही इशाराही मिळत नाही. गाडीगणिक तो ६०,००० पासून १,६०,००० किलोमीटरपर्यंत केव्हाही बदलायचा असतो, आणि त्याला वर्षांचीही मर्यादा असते. १,५८,००० ला तो बहुतेक एकदा तरी बदललेला असायला हवा, कदाचित दोनदा. बिल असेल तर उत्तम. नसेल तर "बदललाय हो" या शब्दावर विसंबू नका, तो बदलायचाच आहे असं धरून पैसे वेगळे काढा आणि सोबत वॉटर पंपही बदलून घ्या, कारण बऱ्याच इंजिनांत तेवढ्यासाठी परत तेच सगळं उघडावं लागतं. दुसऱ्या गाडीचा बेल्टही १३ वर्षांचा झालाय, तोही बदलायला आलेलाच आहे, मीटरवर काहीही असो. गाडीला बेल्टऐवजी चेन असेल तर ती सहसा बदलावी लागत नाही, पण ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात ती सैल पडते आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना काही सेकंद खडखडते.

त्यासाठीच गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी परत या, दुसऱ्या दिवशी जा. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. थंड इंजिन चालू करताना कुणाला तरी मागे उभं करा. पहिल्यांदा निळसर धूर आला तर व्हॉल्व्हची सील गेलीत आणि ऑइल जळतंय. चालवताना पिकअप घेतानाही निळाच येत राहिला तर रिंगा झिजल्यात, आणि मग ती गाडी सोडा. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ येणं साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो दोष त्यामानाने किरकोळ असू शकतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर दोन शक्यता असतात: कूलंट मिसळतंय, किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्याच मारते. दुसऱ्या गाडीत ती दिसली तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही, पण दोन्हींतली कुठली शक्यता खरी हे मेकॅनिककडूनच ठरवून घ्या.

ओरखड्याची आणि विटलेल्या कापडाची काळजी सोडा. ओरखडा लपवलेला नाही, ही त्यातल्या त्यात चांगली खूण आहे. मला जास्त काळजी चकाकणाऱ्या गाडीची वाटते. १३ वर्षांच्या गाडीचा रंग एवढा एकसारखा कसा? बॉनेट आणि मडगार्ड बसवलेल्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील, दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील, दोन पत्र्यांमधली फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम असेल, तर गाडी ठोकलेली आहे. साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या, जाड पुट्टीवर ते चिकटत नाही (मात्र काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथेही चिकटणार नाही, म्हणून दारांवर आणि मागच्या पत्र्यावर बघा). सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खालच्या भागावर मातकट रेघ असेल, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असेल, सीटच्या खालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील, तर गाडी पाण्यात बुडाली होती. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगचे दोष वर्षभराने, दोन वर्षांनी बाहेर येतात आणि ते शोधण्यातच मेकॅनिकचे दिवस जातात.

गंज दारावर असला तर तो दिसण्यापुरता. दाराखालचा उंबरा, जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, इथे तो असला तर ती गाडी संपली. इंजिन बदलता येतं, सांगाडा नाही.

चालवून बघताना अर्धा तास तरी चालवा आणि गाणी बंद ठेवा. तुम्हाला गाड्यांतलं कळत नाही म्हणता, पण आवाज कळतो ना? पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू फिरवताना पुढून कटकट आवाज आला तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर आली तर चाकाचं बेअरिंग. हे दोन्ही मोठे खर्च नाहीत, पण भावात धरायचे आहेत. क्लच बघण्यासाठी कमी वेगात चौथा गिअर टाकून एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली तर क्लच प्लेट संपत आलीय. मोकळ्या, सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला खेचायला नको. एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला हवा आणि काटा मध्यावरच राहायला हवा.

एवढं करून गाडी आवडली तरी शेवटचा शब्द मेकॅनिकचा. त्याला विकणाऱ्याने आणलेलं नसावं, आणि त्याने गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघावी. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजायला सांगा, आकडे एकमेकांपासून दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा लांब नसावेत. स्कॅनरवर फॉल्ट कोड (गाडीने स्वतः केलेल्या बिघाडाच्या नोंदी) बघायला सांगा, आणि ते नुकतेच पुसलेत का हेही. कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या काही दिवस अपुऱ्या दिसतात. विकण्याच्या आदल्या संध्याकाळी कुणी कोड पुसले असतील तर ते तिथे कळतं. याचे पैसे द्यावे लागतील, गाडी घेतली नाही तरी द्यावे लागतील, आणि ते द्या. विकणारा गाडी लिफ्टवर घेऊ द्यायला तयार नसेल तर बोलणं तिथेच संपवा.

आता पैसे. तुमच्याच मापात मांडते. पहिली १०० ला घेतली आणि बेल्ट, वॉटर पंप, क्लच, शॉकअप, सगळी ऑइलं असं सगळंच करावं लागलं, तर त्याला २५ धरा, जरा सढळ हाताने. झाले १२५, हातात २५ राहिले. दुसरी १४० ला घेतली तर चार टायर, बॅटरी, बेल्ट, नळ्या, सगळी ऑइलं हे टळणार नाही. त्याला २० धरले तरी १६० होतात, म्हणजे तुमच्याकडे आहेत त्याहून १० जास्त. मग तुम्ही टायर पुढच्या वर्षी बदलू म्हणाल, नळ्या अजून ठीक दिसतायत म्हणाल, आणि त्याच गाडीत आईला बसवून हायवेवर जाल. मला दुसऱ्या गाडीत सगळ्यात जास्त हेच खुपतं. तिच्या दोषांपेक्षाही, ती तुमच्याजवळ दुरुस्तीला काही शिल्लक ठेवत नाही. हे २५ आणि २० माझे अंदाज आहेत. मेकॅनिककडून खरी यादी आली की तिथे खरे आकडे घाला, पण बेरीज करा ती किंमत आणि पहिल्या वर्षाचा खर्च मिळूनच.

ती यादी भाव करतानाही कामाला येते. "जास्त वाटतंय, थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा कागद पुढे ठेवा: क्लचला इतके, बेल्टला इतके, निम्मे तुम्ही सोसा. फाइल सांभाळणारा मालक असा हिशेब समजतो. मात्र घासाघीस करताना एक लक्षात ठेवा, अशा मालकाने जरा जास्त मागितलं तरी त्या जास्तीला अर्थ असतो. दोन-चारासाठी चांगली गाडी हातची घालवू नका.

माझा कल केव्हा बदलेल? पहिलीचं कॉम्प्रेशन एखाद्या सिलिंडरमध्ये फारच पडलेलं असेल, खालून सांगाडा गंजलेला असेल, फायलीतले किलोमीटर मधेच मागे गेलेले असतील किंवा इंजिन वारंवार तापल्याची बिलं असतील, तर ती सोडा. तरीही लगेच दुसरीकडे वळू नका. दुसरी घ्यायची तर तिचा भाव बराच खाली, निदान पहिलीच्या आसपास यायला हवा, आणि टायरपासून नळ्यांपर्यंत सगळं पहिल्याच आठवड्यात बदलायची तुमची तयारी हवी. तसं नसेल तर आणखी महिनाभर भाड्याची गाडी वापरा आणि तिसरी शोधा. वय, फाइल आणि किंमत यांत दोन्ही गाड्या अगदी सारख्या असत्या आणि फरक फक्त रनिंगचा असता, तर मीही तुमच्या भावासारखंच कमी रनिंगची घ्या म्हटलं असतं. इथे ते तसं नाही, एवढाच त्याच्याशी माझा मतभेद आहे.

तुमचं स्वतःचं रनिंग आठवड्याला १४४, म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास होईल. तीन वर्षांत पहिली गाडी १,८०,००० च्या जवळ जाईल. एका वेळी २४ किलोमीटर म्हणजे इंजिनाला नीट तापायला पुरेसं अंतर आहे. ऑइल मात्र किलोमीटर झाले नाहीत म्हणून थांबवू नका, वर्षातून एकदा बदलाच.

भावाला गाडी बघायला सोबत न्या. धूर बघायला मागे कुणीतरी उभं राहायला लागणारच आहे. फायलीतले आकडे त्यालाच कागदावर उतरवायला द्या. आणि आईलाही एकदा मागच्या सीटवर बसवून बघा. डायलिसिसनंतर पायांत त्राण नसताना चढता-उतरता येतंय का, दार पुरेसं उघडतंय का, सीट फार खोल तर नाही, हे फक्त त्याच सांगू शकतील.